रुईवरचा मावा, तबेल्यातलं पाणी आणि हवेत थांबणारी माशी

(पॉडकास्टच्या या भागाचा लिखित मजकूर. बोलताना अर्धवट राहिलेली वाक्यं पूर्ण केली आहेत, बाकी बोलण्याचा बाज तसाच ठेवलाय.)



शनिवारी सकाळी उपनगरातल्या कुठल्याही मारुतीच्या देवळाबाहेर रुईच्या पानांच्या माळा विकायला असतात. रुई तुम्ही रोज बघता, फक्त लक्ष देत नाही. रुळांच्या कडेला, बांधकाम रखडलेल्या प्लॉटवर, नाल्याच्या भिंतीच्या फटीत, कुणी पाणी घालत नसताना ती मजेत वाढते. पुढच्या वेळी असं झुडूप दिसलं की थांबा आणि शेंड्याची कोवळी पानं उलटून बघा. चीक डोळ्यांत जाणार नाही एवढी काळजी घ्या, तो खरंच वाईट असतो. पानामागे मोहरीच्या दाण्याहून लहान, पिवळेधमक, काळ्या पायांचे शेकडो किडे दाटीवाटीने बसलेले दिसतील. हा मावा. पानातला रस पितो आणि मागून गोड चिकट पाणी टाकतो, म्हणून ती पानं हाताला चिकट लागतात.

आता या पिवळ्या गर्दीत जरा निवांत शोधा. कुठेतरी एक बारीक, हिरवट किंवा मळकट पांढरी, बिनपायांची अळी सापडण्याची बरीच शक्यता आहे. तोंडाकडे निमुळती, मागे जाड, छोट्या गोगलगाईसारखी. तिला डोळे नाहीत. ती तोंडाकडची बाजू इकडेतिकडे हलवत चाचपडत राहते, मावा लागला की पकडते, चक्क हवेत उचलते, त्यातला सगळा रस शोषून घेते आणि रिकामं कातडं टाकून देते. मग दुसरा. मग तिसरा. एक अळी वाढीच्या काळात शेकड्यांनी मावा संपवते.

ही अळी मोठी झाली की तिची होते हॉवरफ्लाय. म्हणजे हवेत एका जागी, हेलिकॉप्टरसारखी थांबणारी ती पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची माशी. आजचा सगळा भाग तिच्यावर. आणि त्यातही एका प्रश्नावर: ती राहते कुठे? आपल्या उपनगरात तिला राहायला जागा आहे का, आणि आपण त्या जागेचं काय करतोय?

आधी ओळख करून घेऊ. कारण मला खात्री आहे की तुमच्यापैकी निम्म्या लोकांनी हॉवरफ्लाय पाहिली आहे आणि "अरे, मधमाशी!" म्हणून हात मागे घेतला आहे. तिला तेच हवं असतं. तिला नांगी नाही. डंख मारता येत नाही, चावता येत नाही, विष वगैरे काही नाही. अंगावर पट्टे मात्र असे की पक्षी, सरडे आणि अंधेरीतला इंजिनिअर, सगळे फसतात. निरुपद्रवी प्राण्याने धोकादायक प्राण्याचा वेष घेण्याच्या या प्रकाराला बेट्सचं नाव दिलेलं आहे. हेन्री वॉल्टर बेट्स या इंग्रज निसर्गअभ्यासकाने ॲमेझॉनच्या जंगलातली फुलपाखरं बघून १८६२ साली ही कल्पना मांडली.

फरक कसा ओळखायचा? पंख मोजा. मधमाशीला चार पंख, माशीला दोन. पण उडणाऱ्या किड्याचे पंख मोजायला सांगणं म्हणजे विरार लोकलमधली माणसं मोजायला सांगण्यासारखं आहे, त्यामुळे सोपी खूण सांगतो: डोळे आणि मिशा. हॉवरफ्लायचे डोळे प्रचंड, जवळजवळ सगळं डोकं व्यापणारे. नराचे तर डोक्यावर एकमेकांना टेकलेले असतात, मादीच्या डोळ्यांमध्ये थोडी फट असते. मिशा म्हणजे स्पर्शिका, त्या आखूड, असून नसल्यासारख्या. मधमाशीच्या स्पर्शिका लांब आणि कोपरात वाकवल्यासारख्या दिसतात. शिवाय मधमाशीच्या मागच्या पायांवर परागाचे गोळे लागलेले असतात, हॉवरफ्लायच्या पायांवर असे गोळे कधीच नसतात.

आणि मग तिची चाल. मधमाशी फुलापाशी येते, बसते, कामाला लागते. हॉवरफ्लाय येते, हवेत थांबते, विचार केल्यासारखी बघते, एकदम बाजूला सरकते, पुन्हा थांबते. सेकंदाला शंभराहून जास्त वेळा पंख हलत असतात. माशांच्या पंखांची मागची जोडी झिजून तिच्या जागी दोन बारीक गुंडीसारखे अवयव उरलेले असतात. उडताना तेही हलतात आणि शरीर कुठे कलतंय ते सांगतात. तुमच्या मोबाईलमध्ये स्क्रीन आडवी-उभी करणारा जो सेन्सर असतो ना, साधारण त्याच कामाची गोष्ट.

जगात हॉवरफ्लायच्या सहा हजारांहून जास्त जाती माहीत आहेत, भारतात काही शेकडा. भारतातल्या जातींचा पहिला मोठा ग्रंथ १९२३ साली आला, ब्रिटिश भारताच्या प्राणिजीवनावरच्या मालिकेत. लिहिणारा एनरिको ब्रुनेटी. हा माणूस पेशाने संगीतकार होता, कोलकात्यात राहायचा आणि फावल्या वेळात माशा गोळा करायचा. छंद म्हणून काय काय होऊ शकतं बघा.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. फुलपाखरांसाठी बाग, मधमाश्यांसाठी फुलझाडं, हे आपण ऐकलेलं असतं. त्यामुळे हॉवरफ्लाय म्हटलं की वाटतं, चार फुलझाडं लावली की झालं. तर नाही. फुलं हे मोठ्या माशीचं हॉटेल आहे. ती तिथे मध पिते, त्यातून उडायची ताकद मिळते, आणि पराग खाते, मादीला अंडी तयार करायला तो लागतोच. पण घर म्हणजे अळीचं घर. आणि ते जातीजातीगणिक इतकं वेगळं असतं की एकाच कुटुंबातल्या भावंडांपैकी एक शिकारी, एक गटारात राहणारं, एक लाकडात आणि एक शत्रूच्या वाड्यात लपून राहणारं, असा प्रकार आहे. उपनगरात कुठली हॉवरफ्लाय कुठे दिसेल, हे बरंचसं या घरांवरून ठरतं.

पहिलं घर आपण बघितलं: मावा. रुईवर, वालाच्या आणि चवळीच्या वेलीवर, मिरचीवर, जास्वंदीच्या कळ्यांवर. या घरातल्या माश्या लहान आणि सडपातळ असतात. त्यांतली इस्किओडॉन नावाची देशभर मैदानी भागात आढळणारी माशी साधारण एक सेंटीमीटरची, काळ्या पोटावर वाकडे पिवळे पट्टे. पॅरॅगस तर जेमतेम अर्ध्या सेंटीमीटरची, एकदांडीच्या फुलावर बसली तर परागाचा ठिपका समजून सोडून द्याल. एकदांडी म्हणजे फुटपाथच्या कडेला उगवणारं ते पांढऱ्या पाकळ्यांचं, पिवळ्या मध्याचं, लांब दांड्याचं फूल. त्याच्याकडे कुणी बघत नाही, पण हॉवरफ्लायच्या दृष्टीने ते उडप्याचं हॉटेल आहे: स्वस्त, सगळीकडे आणि वर्षभर उघडं. या माशांची सोंड आखूड असते, त्यामुळे त्यांना खोल नळीची फुलं चालत नाहीत, अशी उघडी, सपाट फुलं लागतात.

याच गटातली एपिसिरफस. युरोपपासून भारतापर्यंत पसरलेली ही नारिंगी माशी ओळखायला सोपी, कारण पोटाच्या प्रत्येक नारिंगी भागावर दोन काळे पट्टे असतात, एक जाड आणि एक मिशीसारखा बारीक. ही माशी स्थलांतरही करते. इंग्लंडच्या दक्षिण भागावर रडार लावून केलेला एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. दर वर्षी चार अब्जांपर्यंत हॉवरफ्लाय त्या भागात ये-जा करतात असा त्याचा अंदाज होता. एवढ्याशा पंखांवर समुद्र ओलांडून!

या माशीची आई अंडी कुठे घालते? माव्याच्या वसाहतीजवळच, एकेक सुटं, तांदळाच्या कणीसारखं पांढरं अंडं. माव्याच्या चिकट गोड पाण्याच्या वासावरून ती जागा शोधते. म्हणजे तुमच्या बाल्कनीतल्या मिरचीवर मावा पडला तर तुम्हाला ती कीड दिसते, आणि तिला बाळंतपणाची खोली दिसते.

दुसरं घर जरा नाक धरून बघायचं. आरे कॉलनीतून गोरेगाव ते पवई असा रस्ता ज्यांनी केलाय त्यांना तबेल्यांचा वास माहीत आहे. १९४९ साली मुंबईतल्या गाई-म्हशींचे गोठे शहराबाहेर न्यायचे म्हणून आरे वसवली गेली, आज ती शहराच्या अगदी मधोमध आहे. तबेल्याबाहेर शेण मिसळलेलं जे पाणी साचतं, किंवा तलावाच्या काठाला जलपर्णी कुजून जे काळं पाणी होतं, अशा पाण्यात हॉवरफ्लायच्या दुसऱ्या एका मोठ्या गटाच्या अळ्या वाढतात. या पाण्यात प्राणवायू जवळजवळ नसतो. मासे तिथे टिकत नाहीत. अळीने मात्र सोपी युक्ती काढली आहे: तिच्या मागच्या टोकाला लांब नळी आहे, दुर्बिणीसारखी आत-बाहेर सरकणारी, शरीराच्या कितीतरी पट ताणता येणारी. अळी तळाच्या गाळात कुजकं खात बसते आणि नळीचं टोक पाण्याच्या वर काढून श्वास घेते. नळी उंदराच्या शेपटीसारखी दिसते, म्हणून इंग्रजीत या अळ्यांना उंदीरशेपट्याच म्हणतात.

अशा घरातून मोठ्या होणाऱ्या माश्या धष्टपुष्ट, मधमाशीच्या आकाराच्या. आपल्याकडे यातली एरिस्टॅलिनस सहज दिसते आणि मला ती सगळ्यात आवडते, तिच्या डोळ्यांमुळे. काही जातींच्या डोळ्यांवर ठिपके असतात, काहींच्या डोळ्यांवर उभे पट्टे. फोनचा कॅमेरा झूम करून एकदा तरी बघा, कुणी बारीक ब्रशने रंगवल्यासारखे डोळे असतात. तुळशीच्या मंजिरीवर, झेंडूवर आरामात बसलेली सापडते.

या गटाने माणसाला हजारो वर्षं फसवलं आहे. प्राचीन ग्रीक आणि रोमन लोकांचा समज होता की मेलेल्या बैलाच्या शरीरातून मधमाश्या जन्म घेतात. व्हर्जिलसारख्या मोठ्या कवीने आपल्या शेतीवरच्या काव्यात ही कृती सविस्तर दिली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ओस्टेन-साकेन नावाच्या माशांच्या अभ्यासकाने उलगडा केला: कुजलेल्या शरीरातून निघत होत्या त्या मधमाश्या नव्हेतच, मधमाशीसारख्या दिसणाऱ्या हॉवरफ्लाय होत्या. म्हणजे फक्त अंधेरीतला इंजिनिअर नाही, व्हर्जिलही फसला.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर उद्या कुणाच्या तरी आई मला शोधत येतील. मी घरात पाणी साचवून ठेवा असं म्हणत नाहीये. डेंग्यू पसरवणारा एडिस डास कुंडीखालच्या ताटलीत, पिंपात, टायरमध्ये, फ्रिजमागच्या ट्रेमध्ये साचलेल्या तुलनेने स्वच्छ पाण्यात वाढतो. ते पाणी आठवड्यातून एकदा तरी ओतलंच पाहिजे. महापालिकेची माणसं दारात येऊन तेच सांगतात आणि बरोबर सांगतात. हॉवरफ्लायला तुमची ताटली नको आहे. तिला तलावाचा चिखलाचा काठ हवाय, ओढ्याच्या कडेची दलदल हवीय, तिवरांच्या मागची पाणथळ हवीय. अडचण अशी आहे की घरातलं पाणी आपण ओतत नाही आणि तलावाच्या काठाला मात्र दगडी भिंत, टाइल्स आणि जॉगिंग ट्रॅक करतो. काठ 'सुशोभित' झाला की पाणी आणि माती यांच्यामधली ती ओली, घाणेरडी वाटणारी पट्टी संपते. ओढा सिमेंटच्या पेटीत घातला की तसंच.

भांडुप-मुलुंडच्या पूर्वेला ठाणे खाडीच्या बाजूला गेलात तर अजून अशी पट्टी शिल्लक आहे. भांडुप पंपिंग स्टेशन पक्षी बघणाऱ्यांना पाठ आहे, पुढे खाडीत फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. लोक तिथे मोठ्या लेन्स घेऊन जातात आणि फ्लेमिंगो बघून परततात. एकदा लेन्स खाली वळवून कडेच्या रानफुलांवर धरा. मेसेंब्रिअस नावाची, पाठीवर उभ्या पट्ट्यांची हॉवरफ्लाय पाणथळीच्या आसपासच राहणारी, तिची अळीही पाण्यातलीच.

तिसरं घर लाकडाचं. यासाठी बोरिवलीला नॅशनल पार्कात जाऊ. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं हे जंगल, आणि बहुतेकांना त्यातला बिबट्या तेवढा माहीत. कान्हेरीच्या वाटेवर पाऊस संपल्यानंतरच्या दिवसांत, सकाळी ऊन झाडांतून तिरपं खाली येतं. त्या उन्हाच्या खांबात डोक्याच्या वर हवेत एक माशी लटकलेली दिसेल. हात हलवलात तर सटकते आणि क्षणात परत त्याच जागी. हा नर असतो. ती जागा त्याची, तो तिथे मादीची वाट बघतो आणि दुसरा नर आला की त्याला हाकलतो. दादर स्टेशनवर ठरलेल्या इंडिकेटरखाली उभं राहण्याचाच प्रकार.

जंगलातल्या बऱ्याच हॉवरफ्लायच्या अळ्या जुन्या झाडांवर अवलंबून असतात. फांदी तुटली, तिथे खोडात खळगा पडला, पावसाचं पाणी साचलं, पानं पडून कुजली. त्या काळ्या पाण्यात अळ्या. किंवा साल सुटलेल्या, आतून मऊ झालेल्या लाकडात. अशी ढोली तयार व्हायला झाड म्हातारं व्हावं लागतं. ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतली दोन हजारांहून जास्त झाडं रातोरात तोडली गेली तेव्हा वाद झाला तो मुख्यतः आकड्यांचा: इतकी तोडली, इतकी लावली. मेट्रो हवी की नको या वादात मी आज शिरत नाही, मीसुद्धा मेट्रोने जातो. पण किड्यांच्या बाजूने बघितलं तर एका जुन्या झाडाच्या बदल्यात पाच रोपं हा हिशेबच जुळत नाही. रोपाला ढोली नसते. ती व्हायला काही दशकं जातात, आणि तोवर त्या माशीच्या कित्येक पिढ्यांना घर नसतं.

जंगलात पडलेला वाळका ओंडका उचलून नेणं, सोसायटीत 'धोकादायक' म्हणून जुनं झाड मुळापासून काढणं, पडलेली पानं रोज झाडून जाळणं, हे सगळं त्याच यादीत. धोकादायक फांदी काढलीच पाहिजे, माणसाच्या डोक्यावर पडू नये. पण खोडाचा खालचा भाग कोपऱ्यात पडू दिला तर काय बिघडतं? ते 'बरं दिसत नाही' याखेरीज दुसरं कारण मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

चौथं घर ऐकून मी स्वतः थक्क झालो होतो. मायक्रोडॉन नावाच्या हॉवरफ्लायच्या अळ्या मुंग्यांच्या घरात राहतात आणि मुंग्यांचीच अंडी-पिल्लं खातात. मुंग्यांना पत्ता लागत नाही. अळी अर्धगोल, सपाट तळाची, ढालीसारखी. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपातल्या अभ्यासकांना ती सापडली तेव्हा त्यांनी ती गोगलगाईच्या वर्गातली समजून तशी नावंही देऊन टाकली होती! मोठी झालेली ही माशी फुलांवर फारशी येत नाही, मुंग्यांच्या घराजवळच घुटमळते. त्यामुळे ती दिसणं म्हणजे नशीब.

तर घरं अशी. आता एक श्रोता मेसेजमध्ये विचारतो, "हे सगळं ठीक, पण आपल्याला त्याचं काय?" रास्त प्रश्न. उत्तर म्हणून एकच शब्द पुरेल: हापूस.

आंब्याचा मोहोर आठवा. बारीक, उघडी, हजारो फुलं. मधमाश्यांना आंब्याच्या मोहोराचं फारसं आकर्षण नसतं, तिथे येतात त्या मुख्यतः माश्या, वेगवेगळ्या प्रकारच्या, आणि त्यांत हॉवरफ्लायही. परागकण एका फुलावरून दुसऱ्यावर नेण्याचं काम या माश्या करतात. कोकणात मोहोरावर तुडतुडे पडतात, ते पीक खाऊन टाकतात, म्हणून बागायतदाराला फवारणी करावी लागते. त्यात त्याची चूक नाही, वर्षाचं उत्पन्न टांगलेलं असतं. पण मोहोर पूर्ण फुललेला असताना फवारणी टाळायची असते, ती याच माश्यांसाठी. औषधाला तुडतुडा कोण आणि परागीभवन करणारी माशी कोण हे कळत नाही. आणि आंबा फक्त देवगड-रत्नागिरीत नाही. घाटकोपर, मुलुंडच्या जुन्या सोसायट्यांत, चाळींच्या मागे अजून आंब्याची झाडं आहेत. डिसेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान मोहोर आला की खाली उभं राहून दहा मिनिटं वर बघा. किती प्रकारच्या माश्या येतात ते मोजा.

शेतीत दुहेरी फायदा आहे: मोठी माशी पराग नेते, तिची अळी मावा खाते. म्हणूनच कृषी विभागाच्या पत्रकांत मित्रकीटकांमध्ये लेडीबर्ड भुंगेऱ्याच्या शेजारी तिचं नाव असतं.

उपनगरात हाच किस्सा लहान प्रमाणावर रोज घडतो. संध्याकाळी धुराची गाडी येते, सोसायटीत महिन्याला पेस्ट कंट्रोलवाला येतो, बाल्कनीत आपण स्वतः बाटली घेऊन उभे असतो. डासांच्या साथीत धूर लागतो, ते समजू शकतं. पण बागेतल्या प्रत्येक झाडावर दर महिन्याला 'काळजी म्हणून' औषध मारणं, हे समजत नाही. त्यात आधी मरतात त्या अळ्या, कारण त्या उघड्यावर, मऊ कातडीच्या आणि पळून न जाऊ शकणाऱ्या. मावा मात्र झपाट्याने वाढतो, त्याच्या माद्यांना पिल्लं घालायला नराचीही गरज पडत नाही. म्हणजे दोन आठवड्यांनी मावा परत, आणि त्याला खाणारं कुणी नाही. मग पुन्हा फवारणी. पेस्ट कंट्रोलचं वार्षिक कंत्राट चालू राहतं, एवढं खरं.

बाल्कनीवाल्यांसाठी म्हणून एवढंच सांगेन. झाडावर मावा दिसला की आधी भिंग किंवा फोनचा कॅमेरा घेऊन त्यात अळी किंवा पांढरी अंडी आहेत का ते बघा. पानावर चिकटलेला, पाण्याच्या थेंबाच्या आकाराचा तपकिरी कोश दिसला तर तोही तिचाच. यांपैकी काही सापडलं तर आठवडाभर हात आवरा. नीम तेलसुद्धा नको, 'नैसर्गिक' असलं तरी ते अळीलाही लागतं. फारच वाढला असेल तर पाण्याची धार मारून थोडा पाडा, सगळा नको. जास्वंदीवर कापसासारखा पांढरा थर असेल तर तो मावा नाही, पिठ्या ढेकूण आहे, त्याचा हिशेब वेगळा.

आणि फुलांसाठी नर्सरीत पैसे घालवायची गरज नाही. स्वयंपाकघरातले धणे जाड कुटून कुंडीत टाका, कोथिंबीर येईल, थोडी खा आणि थोडी तशीच वाढू द्या. तिला छत्रीसारखी बारीक पांढरी फुलं येतात. शेपू आणि बडीशेपेचंही तसंच. हॉवरफ्लायच्या आखूड सोंडेला ही फुलं अगदी हाताशी. तुळशीच्या मंजिऱ्या सगळ्या खुडू नका, दोन-चार राहू द्या. सहाव्या-सातव्या मजल्यावर येतील का, असं कुणीतरी विचारलंय. समुद्र ओलांडणारी माशी आहे हो, सातवा मजला काय तिला! जवळपास झाडं असतील तर येऊ शकते.

फोटो काढणार असाल तर घाई नको. सकाळी आठ-नऊच्या सुमारास, ऊन कोवळं असताना त्या फुलावर जास्त वेळ बसतात. सावली अंगावर पडली की उडतात, म्हणून सूर्य पाठीशी न घेता बाजूला घ्या. एक फोटो वरून, पोटावरचे पट्टे दिसतील असा. एक समोरून, चेहऱ्याचा. आणि जमलं तर पंखाचा. पंखात मधोमध एक रेघ असते जी कुठल्याच शिरेला जोडलेली नसते, नुसतीच सुरू होते आणि विरून जाते. हॉवरफ्लायची ती जुनी, पक्की खूण. आयनॅचरलिस्टवर फोटो टाका, जागा आणि तारीख आपोआप जाते. उपनगरातल्या तुमच्या गल्लीत कुठली माशी कुठल्या महिन्यात होती, हे नोंदवायला तुमच्याखेरीज तिथे दुसरं कोण आहे? ट्रेकमध्ये घामेजलेल्या हातावर एखादी पट्टेवाली येऊन बसली तर झटकू नका. ती घामातलं मीठ चाटते आहे, गुदगुल्या होतील तेवढ्याच.

शेवटी नावाचं. शेतीच्या पुस्तकांत हिला 'सिरफिड माशी' म्हणतात, पण ते लॅटिनवरून आलेलं, तोंडात नीट बसत नाही. 'हॉवरफ्लाय' मी आज तासभर म्हणतोय. तुमच्या गावाकडे, आजीच्या बोलण्यात, कोकणात, विदर्भात, खानदेशात या हवेत थांबणाऱ्या माशीला काही नाव असेल तर व्हॉइस नोट पाठवा, गावाचं नाव सांगायला विसरू नका. आलेली नावं पुढच्या भागाच्या सुरुवातीला ऐकवतो. पुढचा भाग कुंभारमाशीवर आहे, ती जी तुमच्या खिडकीच्या चौकटीत मातीची मडकी बनवते. तोवर ती मडकी फोडू नका.